वाढदिवस कोणाचा?

समोर टेबलावर केक, हातात प्लॅस्टिकची सुरी आणि भोवती पंधरा-सोळा माणसं टाळ्या वाजवत 'हॅपी बर्थडे' म्हणताहेत, अशा वेळी आपण आपल्या चेहऱ्याचं नेमकं काय करायचं, हे मला आजवर कोणी शिकवलेलं नाही. बी.कॉम.ला ते नव्हतं. बँकेच्या प्रशिक्षणात खोटी नोट कशी ओळखावी हे शिकवलं, पण ओळखू येणार नाही असं खोटं हसू कसं हसावं, याबद्दल तिथेही अवाक्षर नाही. बरं, हसावं तर किती? सगळं हसू पहिल्याच ओळीला खर्च केलं, तर तिसऱ्या ओळीपर्यंत शिल्लक उरत नाही आणि पुढचं ओव्हरड्राफ्टवर चालवावं लागतं. बघावं तर कोणाकडे? एकाकडे बघितलं तर दुसऱ्याला वाटतं, आपण मघापासून उगीच गातोय. केककडे बघावं तर माणूस हावरट दिसतो. म्हणून एका वर्षी मी वर बघितलं. तर माझी नजर पाहून मॅनेजरसाहेबही वर बघू लागले, त्यांना पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसली आणि गाणं संपायच्या आत शिपायाची झडती सुरू झाली. पुढच्या वर्षी न राहवून मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायला लागलो. टाळ्यांच्या भरात गायलाही लागलो. शेवटच्या ओळीत माझं स्वतःचंच नाव माझ्या तोंडून निघालं, तेव्हा कॅशमधल्या बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही.

२०२० साली करोना आला आणि वीस सेकंद साबणाने हात धुवा असं सगळीकडून सांगायला लागले. वीस सेकंद मोजायचे कसे? तर म्हणे, 'हॅपी बर्थडे' दोनदा म्हणायचं. म्हणजे हिशेबाने ते गाणं अवघं दहा सेकंदांचं! मी बेसिनपाशी उभा राहून घड्याळ लावून पाहिलं. खरंच दहा-बारा सेकंदांत आटोपतं. मग शाखेत केकपाशी ते निदान पाच मिनिटं तरी कसं चालतं? विचारान्ती मला कळलं, की या गाण्याचे दोन दर आहेत. ठेवीचा वेगळा आणि कर्जाचा वेगळा. म्हणणाऱ्याला दहा सेकंद पडतात. ज्याच्यासाठी म्हणतात त्याला चक्रवाढ लागतं.

मुळात हे गाणं वाढदिवसाचं नाहीच. अमेरिकेत केंटकीमधल्या लुईव्हिल गावी हिल आडनावाच्या दोन बहिणी होत्या. धाकटी पॅटी बालवाडीत शिकवायची, थोरली मिल्ड्रेड चाली लावायची. सकाळी मुलं वर्गात आली की बाईंनी आणि मुलांनी एकमेकांना सुप्रभात म्हणायचं, त्यासाठी त्यांनी हे गाणं केलं आणि १८९३ साली ते पुस्तकात छापून आलं. वाढदिवसाचे शब्द त्यावर मागाहून चढले. पुढे एका संगीत कंपनीने त्यावर मालकी सांगून कित्येक वर्षं सिनेमावाल्यांकडून पैसे घेतले. शेवटी २०१५ साली तिथल्या न्यायालयाने सांगितलं, की त्या शब्दांवर तुमचा हक्क लागू होत नाही. आणि २०१६ साली कंपनीने एक कोटी चाळीस लाख डॉलर देऊन तडजोड केली. आमच्या शाखेत ते ज्या सुरात म्हटलं जातं, त्या सुरावर मात्र कोणी मालकी सांगायला येईल अशी भीती नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ माणूसघाणा दिसतो. तसं नाही हो. दिवसाकाठी शंभर-सव्वाशे माणसांशी मी बोलतो. पासबुक छापून देतो, 'इथे सही करा, इथे नाही, इथे' असं हसतमुखाने सांगतो. पण मध्ये काउंटरची काच असते. काच असली की मी कोणाशीही बोलू शकतो. वाढदिवसाला काच नसते, हीच त्यातली मुख्य अडचण. आमच्याकडे माझ्यासारख्याला 'घुमा' म्हणायची पद्धत होती. आमच्या चिरंजीवांनी 'इन्ट्रोव्हर्ट' हा शब्द घरात आणल्यापासून माझी पत जरा वाढली आहे. घुम्याला लोक 'बोला की जरा' म्हणतात, इन्ट्रोव्हर्टला 'असू दे, असू दे' म्हणतात.

तर वाढदिवस चुकवण्याचे सर्व मार्ग मी चोखाळून बसलो आहे. किरकोळ रजा टाकून पाहिली. दुसऱ्या दिवशी केला. शनिवार-रविवार जोडून पाहिला. सोमवारी केला, आणि केक शिळा. मला खरोखर मनापासून आवडतात त्या यंत्राने पाठवलेल्या शुभेच्छा. चार वर्षांपूर्वी जिथे चष्मा केला तो दुकानदार, विम्याची कंपनी, दातांचे डॉक्टर, इतकंच काय, आमचीच बँक. त्या दिवशी पहाटेपासून फोन टुणटुणत असतो. पाठवणाऱ्याला मी माहीत नाही, मला तो माहीत नाही, आणि कोणालाही चेहरा दाखवावा लागत नाही. याहून निर्मळ संबंध जगात असू शकतो, असं मला वाटत नाही.

हेवा वाटतो तो १ जूनवाल्यांचा. बँकेत खातं उघडायचे अर्ज तपासताना जन्मतारखेच्या रकान्यात एवढ्या वेळा १ जून येतो, की परक्या माणसाला वाटावं, महाराष्ट्रात बाकीचे दिवस बाळंतपण बंद असतं. कारण साधं आहे. खेड्यातल्या पोराला बाप शाळेत घेऊन यायचा, तारीख विचारली की 'पाऊस लागला होता तवा झाला' असं सांगायचा, आणि मास्तर शाळा सुरू होण्याच्या बेताने वय बसवून १ जून लिहून मोकळे व्हायचे. पुढे नोकरीत नियम असा, की ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो. त्यामुळे सरकारी कचेऱ्यांतून ३१ मेला निरोपसमारंभांची अशी झुंबड उडते, की हारवाल्यांना हार पुरत नाहीत. अशा गर्दीत वाढदिवस असणं म्हणजे केवढं सुख! कोणी बोट दाखवून 'याचा' म्हणू शकत नाही.

माझ्याच घरात अशी एक भाग्यवान व्यक्ती आहे. माझी आई. तिचा जन्म कोकणातला, भाताची लावणी चालू असतानाचा, म्हणजे आषाढातला. पण शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५०. तिचा वाढदिवस कधी कोणी केला नाही. खरी तारीख कोणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक आहे ती खरी नाही. मला वाटायचं, किती सुखी आहे ही!

आणि दैवाचा खेळ असा, की तिच्या मुलाची जन्मवेळ मात्र मिनिटाला पक्की. मी झालो चिपळूणला, एका लहानशा प्रसूतिगृहात, मार्गशीर्षातल्या पहाटे. खोलीत घड्याळ नव्हतं. डॉक्टरीणबाईंचं मनगटावरचं घड्याळ साबणाच्या पाण्याला घाबरून टेबलाच्या खणात. पण बाहेर कंपाउंडरच्या खिडकीत रेडिओ होता, आणि मी पहिलं रडलो तेव्हा त्यावर आकाशवाणीची ती सुरुवातीची धून लागली होती. तीच, खाली तंबोरा आणि वर व्हायोलिन असलेली. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी वाजते ती. जोशीबुवांनी तेवढ्यावरून पाच वाजून पंचावन्न मिनिटं धरून पत्रिका मांडली. माझं लग्न त्या पत्रिकेवर जमलं. म्हणजे एका अर्थी माझा संसार आकाशवाणीच्या भरवशावर उभा आहे.

ती धून वॉल्टर कॉफमान नावाच्या संगीतकाराने बांधली असं सांगतात. बोहेमियातल्या कार्ल्सबादचा हा ज्यू माणूस. युरोपात हिटलरचं थैमान सुरू झालं तेव्हा, १९३४ साली, मुंबईला आला, पुढे आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचं काम पाहिलं आणि १९४६ साली इथून गेला. त्या सुरावटीत शिवरंजनीची छाया आहे. घर सुटलेल्या माणसाने परक्या मुलखात सकाळसाठी केलेली ती धून ऐकली, की मला लुईव्हिलच्या बहिणींची आठवण येते. त्यांचंही सकाळचंच गाणं. फक्त एवढंच, की हिच्यात टाळ्या नाहीत आणि कोणाचं नाव घालायला जागा नाही.

तर माझा वाढदिवस मी असा करतो. म्हणजे करत आलो. पहाटे पावणेसहाला उठायचं, स्वयंपाकघरात अंधारातच ओट्यापाशी उभं राहायचं, पाच पंचावन्नला मोबाइलमध्ये भरून ठेवलेली ती धून अगदी हळू लावायची, आणि ती संपली की चहा ठेवायचा. झाला वाढदिवस. मग सौ. उठायच्या आत आंघोळ करून, आई देवघरातून बाहेर यायच्या आत सहा पन्नासची लोकल. संध्याकाळी मुद्दाम उशिरा घरी. आई पाट मांडून निरांजनाची वात करून बसलेली असायची. 'आता काय, दमलोय,' म्हणून मी टाळायचो. ती वात काढून ठेवायची. माझी भूमिका अगदी बिनतोड होती: वाढदिवस माझा आहे, तेव्हा तो कसा करायचा, किंवा करायचाच नाही, हे ठरवायचा अधिकार माझा. माझ्या मालकीच्या वस्तूला मी कुलूप घातलं, तर त्यात कोणाचं काय गेलं?

२०२५च्या मे महिन्यात पुण्याहून ताईचा फोन आला. १ जूनला आईला कागदोपत्री पंचाहत्तर पुरी होतात, त्या दिवशी रविवारही आहे, तर हॉल घेऊ, पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळू, आणि तिच्या ओळखीचा एक कीबोर्डवाला जुनी गाणी म्हणतो, त्याला बोलावू. मी ठाम नकार दिला. म्हटलं, "आईला असलं काही आवडत नाही. ती माझ्यासारखी आहे."

आई समोरच बसून गवार मोडत होती. मी फोन ठेवला तेव्हा ती म्हणाली, "मला आवडत नाही, हे तुला कोणी सांगितलं?"

"अगं, हॉल, माणसं, गाणी... तुला कंटाळा येईल."

"पंचाहत्तर वर्षांत एकदाही झाला नाही, त्याचा कंटाळा कसा येईल रे?"

"पण ती तारीखसुद्धा खरी नाही, आई."

"तुझे बाबा हेच म्हणायचे," ती शेंगेची शीर ओढून काढत म्हणाली. "'फर्ज' सिनेमा आला ना सदुसष्ट साली, त्यात रफीचं वाढदिवसाचं गाणं होतं. रेडिओवर लागलं की मी हातातलं काम टाकून उभी राहायची. वाटायचं, आपल्यासाठी पण कोणी तरी म्हणावं एकदा. लग्न झाल्यावर यांना एकदा सांगून पाहिलं. तर म्हणाले, आधी तारीख नक्की कर. तारीख नक्की होईपर्यंत ते गेले."

मी गप्प. माझं गप्प बसणं घरात कोणी मनावर घेत नाही, पण हे वेगळं होतं.

"आणि तुझं तरी काय रे ते? दर वर्षी त्या दिवशी चोरासारखा पळतोस. मी वात करून बसते."

"मला नाही आवडत, आई. आता माझा वाढदिवस, तर मला—"

"तुझा?" आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, लहानपणी गणित चुकलं की पाहायची तसं. "त्या दिवशी तू काय केलंस रे? रडलास. बाकी सगळं मी केलं."

एवढं बोलून तिने गवारीचं ताट उचललं आणि आत गेली.

मी कॉमर्सचा माणूस. कोणतीही गोष्ट जमेच्या बाजूला घालायची की नावे, हे कळल्याशिवाय मला झोप लागत नाही. त्या रात्री नाही लागली. खातं मी पंचेचाळीस वर्षं माझ्या एकट्याच्या नावाचं समजून चालवत होतो. बघायला गेलं तर ते सामाईक निघालं, आणि त्यातही पहिलं नाव माझं नव्हतं. मी काही उधळलं नव्हतं, हे खरं. पण दुसऱ्या खातेदाराला पैसे काढू दिले नाहीत, हे तरी काय लहान आहे? भिडस्तपणा हा आपल्याकडे सद्गुणात धरतात. 'त्याला पुढे पुढे करायला आवडत नाही हो,' असं कौतुकाने म्हणतात. पण माझ्या भिडेपोटी मी मागे राहिलो, तर राहीन. मागे राहताना दुसऱ्याचं ताट घेऊन मागे राहिलो, त्याला काय म्हणायचं? आणि त्यावर कडी म्हणजे आईला न विचारता मी तिलाही 'माझ्यासारखी' करून टाकलं होतं.

दर नोव्हेंबरात आमच्याकडे निवृत्तिवेतनवाले हयातीचा दाखला द्यायला येतात. आपण जिवंत आहोत असं त्यांनी वर्षातून एकदा लिहून द्यायचं असतं. आता ते घरबसल्या फोनला चेहरा दाखवूनही होतं. तरी एक आजोबा काठी टेकत शाखेतच येतात. मी त्यांना एकदा म्हटलं, "कशाला त्रास घेता? फोनवरून होतं की." तर म्हणाले, "होतं हो. पण फोन 'बरे आहात ना' असं विचारत नाही." तेव्हा मी त्यावर हसलो होतो. काचेच्या आतून हसायला काय जातं?

सामाईक खात्याच्या अर्जावर एक ओळ असते. 'दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात'. गेली वीस-बावीस वर्षं मी रोज ती ओळ गिऱ्हाइकांना बोट ठेवून दाखवतो. त्या रात्री ती आठवली आणि मी उठून बसलो. सौ.ने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, ताईला फोन करायचाय." ती म्हणाली, "रात्री दीड वाजता?"

सकाळी केला.

त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबईत २६ मेलाच येऊन दाखल झाला, नेहमीपेक्षा पंधरा-सोळा दिवस आधी. आईला त्याचा कोण आनंद. "बघ, मास्तरांचंच खरं झालं. मी पावसातली, आणि पाऊस १ जूनच्या आधी हजर." हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. मी माझ्या स्वभावाप्रमाणे मागे, पाण्याच्या पिंपापाशी उभा. ताईने आणि सौ.ने दोन ताटांत मिळून पंचाहत्तर दिवे लावले. पंखे बंद केल्यामुळे सगळे घामाघूम झाले आणि मामांना टोपीने वारा घेण्याची मनाई करावी लागली. मग कीबोर्डवाल्याने 'फर्ज'मधलं ते गाणं धरलं.

माझ्या पोटात गोळा आला. शंभर माणसं टाळ्या वाजवताहेत, सगळे तिच्याकडे बघताहेत, आणि मध्ये खुर्चीवर आई एकटी. आता ही काय करणार? चेहऱ्याचं काय करणार? मी पिंपापासून चार पावलं पुढे आलोसुद्धा, काही झालं तर सावरायला. आई काहीच करत नव्हती. म्हणजे नऊवारी सावरून सरळ बसली होती, थेट त्या गाणाऱ्याकडे बघत होती, आणि मान तालावर बरोबर हलत होती. छताकडे नाही, केककडे नाही. गाणं तिच्यासाठी चाललं होतं आणि ती ते ऐकत होती. इतकंच. हा उपाय मला पंचेचाळीस वर्षांत सुचला नव्हता. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, तशी आई त्या कीबोर्डवाल्याला म्हणाली, "छान म्हटलंत. पुन्हा म्हणा."

त्याने पुन्हा म्हटलं.

पुढे आषाढात घरच्या घरी एकदा पुरणपोळी झाली. खरा वाढदिवस म्हणून. तारीख आईनेच ठरवली, आणि अगदी मुसळधार पावसाची पाहून ठरवली.

मग मार्गशीर्ष आला. शाखेत केक झालाच, त्याचं पुन्हा सांगत नाही, आईचं पाहून थेट गाणाऱ्यांकडे बघण्याचा प्रयत्न केला, तर कॅशमधल्या बाई म्हणाल्या, "असे रागाने काय बघताय?" पण ती दुपारची गोष्ट. त्याआधी पहाटे सवयीने पावणेसहाला उठलो. स्वयंपाकघरात आलो आणि अंधारात दिव्याच्या बटणाकडे न जाता फोन काढला. पाच पंचावन्न झाले. धून लावली, नेहमीसारखी हळू.

मागून काडी पेटल्याचा आवाज आला. आई पाटाशेजारी बसली होती. ताम्हनात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. केव्हाची बसली होती कोण जाणे. तिने वात लावली, मला खुणेने पाटावर बस म्हणाली, आणि मग म्हणाली,

"आवाज वाढव जरा. दर वर्षी भिंतीपलीकडून नीट ऐकू येत नाही."